सत्कार आवरा, जागा दाखवा: खानदेशातल्या करिअर मेळाव्यांच्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे प्लेसमेंट अधिकारी, समाजकार्य महाविद्यालयांचे प्राचार्य, आणि ‘आंतरराष्ट्रीय विकास क्षेत्रातील संधी’ या नावाने मेळावे व चर्चासत्रे भरवणारी सर्व मंडळी

स.न.वि.वि.

आम्ही विकास क्षेत्रात अर्ज चाळतो, लेखी चाचण्या तपासतो आणि प्रकल्प चालवतो. या क्षेत्रातल्या नोकऱ्यांवर तुमच्या सभागृहांत जे कार्यक्रम होतात, त्यांच्याविषयी हे पत्र आहे. तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, आणि खर्चही तुम्ही पदरमोड करून करता हे ठाऊक आहे. पण धडगावहून पहाटेच्या एसटीने घाट उतरायचा, शहाद्याला गाडी बदलायची, जळगाव गाठायचे आणि संध्याकाळी सहभागाचे प्रमाणपत्र घेऊन परत फिरायचे, एवढेच पोरांच्या वाट्याला येत असेल तर कार्यक्रमाची मांडणी चुकते आहे.

आधी वेळेचा हिशोब बघा. पत्रिकेवर साडेदहा छापलेले असतात. पाहुणे सव्वाअकराला येतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि पाहुण्यांचा परिचय (यात त्यांचे सगळे पुरस्कार वाचले जातात) यात पाऊण तास जातो. बीजभाषण एक तास, मग जेवण, मग ‘माझा प्रवास’ या विषयावर आणखी एक तास. स्टॉलसाठी उरतात फार तर दोन तास. चार स्टॉल धरले तर ४८० मिनिटे झाली. मुले दोनशे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ मिनिटे २४ सेकंद. तेवढ्यात नाव, शिक्षण आणि ‘सर, व्हेकन्सी आहे का?’ एवढेच होते. उत्तर येते, ‘आमच्या वेबसाइटवर बघत राहा.’ वेबसाइट तर नंदुरबारला बसूनही दिसत होती.

‘माझा प्रवास’ या सत्राबद्दल स्पष्टच लिहितो. वीस वर्षांपूर्वी लागलेल्या माणसाचा रस्ता आज तसाच्या तसा राहिलेला नाही. परकीय निधीच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. एका संस्थेने परदेशातून आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून पैसा घेऊन तालुक्यात काम करणाऱ्या छोट्या संस्थांना याचा थेट फटका बसला, आणि नवख्या मुलाला पहिली नोकरी मिळायची ती नेमकी अशाच संस्थांत. पुढे २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, मार्चमध्ये यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याची घोषणा झाली आणि १ जुलैला ती संस्थाच परराष्ट्र खात्यात विलीन झाली. ब्रिटननेही आपली मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आहे. परिणाम असा, की दहा वर्षांचा अनुभव असलेली माणसे आज बेकार आहेत आणि दोन वर्षांच्या अनुभवाच्या जागेला अर्ज करत आहेत. तुमच्या सभागृहातली एम.एस.डब्ल्यू. झालेली मुलगी त्याच रांगेत उभी राहते. हे तिला व्यासपीठावरून कोणीतरी सांगितले पाहिजे. ‘जिद्द ठेवा’ ऐकून ती वर्षभर जिनिव्हाच्या जागांना अर्ज करत बसते आणि तेवढ्यात अक्कलकुव्याची जागा हातची जाते.

दुसरे, फ्लेक्सवर ‘आंतरराष्ट्रीय’ लिहून खाली निळा गोल आणि ऑलिव्हच्या फांद्या छापता. ते संयुक्त राष्ट्रांचे चिन्ह आहे आणि परवानगीशिवाय वापरता येत नाही. ते राहू द्या, पण त्या चिन्हाखाली कोणत्या जागा असतात याची माहिती तरी बरोबर द्या. संयुक्त राष्ट्रांत ‘पी’ श्रेणीच्या जागा जगभरच्या उमेदवारांसाठी असतात. पी-२ ला पदव्युत्तर पदवी आणि साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो, पी-३ ला पाच, पी-४ ला सात. पदव्युत्तर नसेल, तर पदवीवर आणखी दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलासाठी या श्रेणीत जवळपास काही नाही. यंग प्रोफेशनल्स प्रोग्रॅम या संयुक्त राष्ट्रांच्या तरुणांसाठीच्या भरती योजनेचे नाव प्रत्येक भाषणात येते. त्याची वयोमर्यादा ३२ आहे, पण सचिवालयात ज्या देशांचे प्रतिनिधित्व कमी आहे अशाच देशांच्या नागरिकांना तो खुला असतो आणि ती यादी दरवर्षी बदलते. यादीत भारत आहे का, हे आधी बघायचे, मग अभ्यासाला लागायचे. ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर या संयुक्त राष्ट्रांतल्या कनिष्ठ पदाचे वेतन पाठवणाऱ्या देशाचे सरकार भरते, म्हणून तिथे मुख्यतः त्याच देशाचे नागरिक घेतले जातात.

आपल्या मुलांना खरोखर खुला दरवाजा वेगळाच आहे. नॅशनल ऑफिसर (‘एनओ’) आणि जनरल सर्व्हिस (‘जी’) श्रेणीच्या जागा देशातल्या देशात भरल्या जातात. पैकी एनओ श्रेणीत तर त्याच देशाचे नागरिक घेतात. सर्वांत खालच्या एनओ-ए पातळीला संस्थेप्रमाणे एक-दोन वर्षांचा अनुभव चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत देशांतर्गत स्वयंसेवकांच्या जागा निघतात, नोंदणी मोफत असते, वय १८ पासून पुढे. आणि तिसरा दरवाजा बहुतेक मेळाव्यांत उल्लेखालाही येत नाही: परदेशी कर्जावर चालणारे राज्य सरकारचे प्रकल्प.

याचे उदाहरण तुमच्या दारातच आहे. हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीसाठीचा पोकरा प्रकल्प २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलर कर्जावर सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यातल्या १५ जिल्ह्यांत जळगाव होता. महिला आर्थिक विकास महामंडळाचा तेजस्विनी कार्यक्रम आयफाड या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या कर्जावर चालला आणि त्यातूनच बचत गटांच्या लोकसंचालित साधन केंद्रांची (सीएमआरसी) घडी बसली. अशा केंद्राच्या व्यवस्थापकाने आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पैशावर, त्यांच्याच नियमांनी, त्यांच्याच अहवालाच्या नमुन्यात काम केलेले असते. ‘सीएमआरसीमध्ये काम केले’ असे लिहिले तर दिल्लीत कोणाला काही कळत नाही. ‘आयफाड अर्थसाहाय्यित कार्यक्रमात इतक्या बचत गटांचे हिशोब ठेवले, इतक्या रकमेचे बँक कर्ज जोडले’ असे लिहिले की कळते. हे वाक्य बसवायला शिकवणे हे मेळाव्याचे काम आहे.

जागतिक बँकेच्या कर्जाच्या प्रकल्पात आणखी एक जागा असते: सामाजिक किंवा पर्यावरणीय सुरक्षा तज्ज्ञ. बँकेची पर्यावरणीय व सामाजिक चौकट ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. तिचे पाचवे मानक भूसंपादन आणि विस्थापनाचे, सातवे आदिवासी समाजांचे. हे नियम इतके कडक का झाले, त्याच्या मुळाशी आपलाच सातपुडा आहे. बँकेच्या कर्जावर सुरू झालेल्या सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावे आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला, मार्च १९९३ मध्ये उरलेले कर्ज रद्द झाले आणि त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकणारे इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केले. आज जगात कुठेही बँकेच्या प्रकल्पाने उठवलेले लोक त्या पॅनेलकडे जाऊ शकतात. पुनर्वसन वसाहतीत वाढलेला, पावरी बोलणारा, वनहक्काचे दावे भरून देणारा मुलगा या कामात कोणत्याही महानगरी उमेदवाराला मागे टाकेल. अट एकच, त्याने पाचवे आणि सातवे मानक वाचलेले असावे. दोन्ही फुकट उपलब्ध आहेत. एखाद्या दुपारी सत्कार रद्द करून पाचव्या मानकाचे वाचन ठेवा.

आता मेळाव्याच्या मांडणीकडे येतो. संस्थांना निमंत्रण पाठवताना चार गोष्टी लेखी विचारा. आज किती जागा खुल्या आहेत आणि त्यांचे जाहिरात क्रमांक काय? गेल्या वर्षी अनुभव नसलेले किती जण खुल्या जाहिरातीतून घेतले? येणारी व्यक्ती निवड समितीवर बसते का? आणि तुमची एखादी जुनी लेखी चाचणी बरोबर आणाल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शून्य असेल तरी त्या संस्थेला बोलवा, पण तिच्या स्टॉलवर ‘माहितीसाठी’ असा फलक लावा. पोरे फसवणुकीने जेवढी चिडत नाहीत तेवढी मोघमपणाने चिडतात. चौथ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारी एक संस्था दहा स्टॉलांपेक्षा उपयोगाची.

मग सभागृह सोडा आणि दोन वर्गखोल्या व एक संगणक कक्ष घ्या. चाळीस मुले, दहा-दहाचे चार गट, चार टेबले, प्रत्येक टेबलावर ७५ मिनिटे. पाच तासांत दिवस आटोपतो. दोनशे मुले आली तर? पाच दिवस करा. एका दिवसात दोनशे जणांना काहीच मिळत नाही, हा हिशोब वर मांडलाच आहे.

पहिले टेबल जाहिरात वाचण्याचे. तीन खऱ्या जाहिराती छापून हातात द्या. कामाचे ठिकाण कुठे लिहिले आहे, ते शोधायला लावा. ‘दिल्ली, वारंवार प्रवासासह’ आणि ‘नंदुरबार’ या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. ‘अत्यावश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’ यांतला फरक दाखवा. पहिल्यातली एक अट अपुरी असली तरी अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो, दुसऱ्यातल्या नसल्या तरी बिनधास्त अर्ज करायचा. आपली मुले उलटे करतात: ‘प्राधान्य’ वाचून घाबरतात आणि ‘अत्यावश्यक’कडे कानाडोळा करतात. करार कोणता ते बघायचे. थेट नेमणूक, बाह्य एजन्सीच्या पगारपत्रकावर, की सल्लागार? सल्लागार असेल तर पीएफ नाही, पगाराऐवजी शुल्क मिळते आणि त्यातून १० टक्के टीडीएस कापला जातो. जाहिरातीतला आकडा आणि हातात पडणारी रक्कम यांत अंतर पडते ते इथे. शेवटी मुदत. ‘न्यूयॉर्क वेळ रात्री ११:५९’ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९, हिवाळ्यात १०:२९. जिनिव्हाची वेळ असेल तर पहाटे ३:२९ किंवा ४:२९. पण शेवटच्या तासाला सगळ्या जगाची गर्दी असते, आणि तळोद्याच्या सायबर कॅफेत तेव्हाच वीज जाते. दोन दिवस आधी पाठवायचा.

दुसरे टेबल बायोडेटाचे. वडिलांचे नाव, जात, वैवाहिक स्थिती, फोटो आणि खाली ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ हे सगळे काढून टाकायचे. दोन पानांच्या वर जायचे नाही. ‘एनएसएस शिबिरात सहभाग’ या ओळीला किंमत नाही. त्याच सात दिवसांत किती घरांचे सर्वेक्षण केले, किती मीटर समतल चर खोदले, माहिती कोणी भरली, ते लिहायचे. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य आठवड्याला दोन दिवस असते, म्हणजे दोन वर्षांत शंभरावर दिवस भरतात. ते बहुतेक जण एका ओळीत उरकतात. भाषांच्या रकान्यात इंग्रजी, हिंदी, मराठी लिहून मुले थांबतात आणि अहिराणी, पावरी, भिली, मावची घरीच ठेवतात. या रकान्यात लाज कसली? सातपुड्यातल्या प्रकल्पासाठी अर्ज चाळणारा माणूस आधी तोच रकाना बघतो.

तिसरे टेबल मोजमापाचे आणि सर्वेक्षणाचे. ते आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून जरा सविस्तर. त्यावर दंडघेर मोजण्याची रंगीत पट्टी ठेवा. अंगणवाडीत ती असतेच, सेविकाताईंना विनंती करा, आणि शक्य असेल तर त्यांनाच बोलवा. मुख्य पाहुण्यांपेक्षा त्यांना जास्त येते. पट्टी ६ ते ५९ महिन्यांच्या बाळांसाठी असते. डावा हात घ्यायचा. कोपर काटकोनात वाकवून खांद्याचे टोक आणि कोपराचे टोक यांचा मध्य काढायचा, तिथे पेनाने खूण करायची, मग हात सैल सोडायचा आणि खुणेवर पट्टी गुंडाळायची. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ पर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम. त्यापुढे हिरवा. ऐकायला सोपे आहे, म्हणूनच चुकते. पट्टी आवळली की कातडीला वळ्या पडतात आणि ११.६ चे ११.३ होते. मग पिवळे बाळ लालच्या यादीत जाते. सैल राहिली की उलटे होते, लाल बाळ पिवळ्यात जाते आणि पोषण पुनर्वसन केंद्रापर्यंत पोचतच नाही. थंडीत स्वेटरवरून मोजणारे आहेत. मध्य न काढता अंदाजाने वर-खाली धरणारे तर बरेच. दहा मुलांनी एकाच बाळाचे (बाळ नसेल तर गुंडाळलेल्या टॉवेलचे) माप वेगवेगळे घ्यायचे, फळ्यावर दहा आकडे लिहायचे. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला की पुन्हा. सर्वेक्षणाच्या भाषेत याला मोजमापातली चूक म्हणतात. पण फळ्यावरचे ते दहा वेगवेगळे आकडे एकदा बघितले की शब्द पाठ करावा लागत नाही.

त्याच टेबलावर वयाचा प्रश्न. पाड्यावर जन्मतारीख माहीत नसते, मग बाळ सहा महिन्यांचे झाले की नाही हे ठरवायचे कसे? सर्वेक्षणात यासाठी स्थानिक घटनांची दिनदर्शिका करतात. बाळ भोंगऱ्याच्या (होळीआधीच्या) बाजाराआधीचे की नंतरचे? काठी गावच्या होळीला कडेवर होते का? पहिला पाऊस पडला तेव्हा बसायला लागले होते का? या प्रश्नांची यादी पुण्याच्या उमेदवाराला करता येत नाही. मोलगीच्या मुलीला दहा मिनिटांत करता येते, आणि पोषण प्रकल्पाच्या मुलाखतीत तिने ती सांगितली तर समितीवरची माणसे सावरून बसतील. नंदुरबार २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे. तिथल्या पोषणाच्या कामावर राज्याबाहेरच्या संस्थांचेही लक्ष असते.

शेजारी दोन मोबाइल ठेवा आणि कोबोटूलबॉक्स या सर्वेक्षणाच्या साधनात दहा प्रश्नांचा फॉर्म भरायला द्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका. फॉर्म रेंज नसतानाही भरतो, फोनमध्ये साठतो आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतो. नवखी मुले इथे दोन चुका करतात: फॉर्म ‘अंतिम’ न करता अर्धवट साठवतात, किंवा पाठवण्याआधीच ॲप काढून टाकतात आणि चार दिवसांचे काम जाते. जमले तर नमुन्याचा आकडाही करून घ्या. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चुकीची मुभा धरली तर ३८४ घरे. गावनिहाय समूह पद्धतीने करायचे तर साधारण दुप्पट, ७६८. दहा टक्के घरे बंद मिळणार (कापूस वेचणीच्या दिवसांत जास्तच), म्हणून ८५४. हा हिशोब ज्याला फळ्यावर करता आला त्याला सर्वेक्षण संस्थेत पहिली नोकरी मिळायला अडचण नाही.

चौथे टेबल संगणक कक्षात, एक्सेल आणि लेखी चाचणीचे. दोनशे ओळींची अंगणवाड्यांची यादी द्या, आणि ती मुद्दाम घाण करून द्या: एकच बाळ दोनदा, ‘मोलगी’ आणि ‘मोल्गी’ दोन वेगळी गावे, वजनाच्या रकान्यात ग्रॅम आणि किलो एकत्र, काही तारखा मजकूर म्हणून टाइप केलेल्या. प्रश्न एकच: प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय किती बाळे लाल? पिव्होट टेबल (एक्सेलमध्ये गोषवारा काढायची सोय) येत असूनही मुले नापास होतात ती तारखांमुळे. संगणकाची मांडणी अमेरिकन असली की ३ एप्रिल ही ४ मार्च होते, बाळाचे वय महिन्याने चुकते आणि ६ महिन्यांखालची बाळे यादीत येतात. आधी तारीख तपासायची, मग वय काढायचे, मग गावांची नावे एकसारखी करायची, पिव्होट सर्वांत शेवटी. याच क्रमाने शिकवा.

लेखी चाचणीत साधारण ६० ते ९० मिनिटांत पाचशे शब्दांचे टिपण मागतात, बहुधा इंग्रजीत. आपल्याकडचे टिपण ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ इथून सुरू होते आणि पाचशेपैकी दोनशे शब्द तिथेच खर्ची पडतात. तपासणारा शोधतो ते एवढेच: कोणत्या गावात, कोणाचा, किती जणांचा प्रश्न आहे, तुम्ही नेमके काय करणार, किती महिन्यांत, किती रुपयांत, आणि झाले की नाही ते कशावरून ठरवणार. ‘जनजागृती करणार’ या शब्दावर आम्ही तरी गुण देत नाही. मुलाखतीचा सराव जमला तर तिथेच उरका. ‘अमुक प्रसंगी तुम्ही काय केले’ असे प्रश्न असतात आणि आपली मुले विनयाने ‘आम्ही केले, सरांनी मार्गदर्शन केले’ असे सांगतात. समितीला त्या मुलाने स्वतः काय केले ते हवे असते. ‘मी’ म्हणायला शिकवायला पाच मिनिटे लागतात, सवय लागायला मात्र वेळ.

स्टॉल देताना एक काळजी मात्र नक्की घ्या. ‘परदेशात एनजीओत नोकरी’ म्हणून पैसे घेणारे एजंट अशा मेळाव्यांत शिरतात. संयुक्त राष्ट्रे अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण यांपैकी कशासाठीही पैसे घेत नाहीत. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो, परवानाधारकांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर असते आणि त्याचे शुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त असू शकत नाही. परवाना क्रमांक दिला नाही तर टेबल द्यायचे नाही. तुमच्या कॉलेजच्या मंडपात बसलेला माणूस खराच असणार, असे पालक धरून चालतात. त्यापेक्षा त्या टेबलावर पासपोर्टचा अर्ज भरून द्यायची सोय करा. ३६ पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये लागतात. नाव आधारवर एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे असेल तर अर्ज तिथेच अडकतो. आपल्याकडे आडनावे बदलतात, वडिलांचे नाव मधेच गळते. ही दुरुस्ती नोकरी लागल्यावर करायला गेले तर रुजू होण्याची तारीख निघून जाते.

तारखांचेही बघा. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये मेळावे ठेवू नका. सातपुड्यातली मुले होळीला घरी असतात, बाकीची परीक्षेत. दिवाळीनंतर बरीच कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत जातात, पोरेही सोबत जातात. ऑगस्ट-सप्टेंबर बरा. जागाही जळगावच कशाला? सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव ओळीने लागतात. चार टेबले चार शनिवारी चार गावांत फिरवली तर मुलांपेक्षा टेबलांचा प्रवास स्वस्त पडतो. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राला सोबत घ्या आणि ‘महास्वयं’ या राज्य सरकारच्या रोजगार पोर्टलवरची नोंदणी तिथल्या तिथे होऊ द्या. जिल्ह्यातल्या आस्थापनांची यादी त्या कार्यालयात असते. सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी खर्च करणारे कारखाने आपल्याकडेही आहेत. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ५ कोटींवर निव्वळ नफा असला की सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. तो खर्च हाताळणाऱ्या माणसाला एकदा तरी बोलवा. त्याच्याकडे बहुधा एकच जागा असेल, पण ती खरी असेल.

मेळावा संपल्यावर अभिप्राय अर्जात ‘कार्यक्रम कसा वाटला?’ असे विचारू नका, उत्तर ‘छान’ असेच येते. तीन महिन्यांनी फोन करा: किती अर्ज केले, किती ठिकाणी चाचणीला बोलावले, कुठल्या टप्प्यावर गाडी अडली? बहुतेक जण चाचणीत अडले असतील तर पुढच्या वेळी चौथ्या टेबलाला दोन तास द्या. चाचणीपर्यंत पोचलेच नसतील तर बायोडेटाचे टेबल कमी पडले. हा कागद पुढच्या वर्षीच्या आयोजकाकडे द्या. कारण दर वर्षी नवा प्राध्यापक नेमला जातो आणि पुन्हा शाल-श्रीफळापासून सुरुवात होते.

टेबलांसाठी लागणाऱ्या जाहिराती, घाण केलेली एक्सेलची यादी, कोबोचा फॉर्म आणि चाचणीचे प्रश्न आम्ही तयार करून देऊ. मानधन नको, हार नको, परिचय तर मुळीच नको. तुमच्याकडून कळवायचे ते एवढे: खोल्या किती, संगणक किती चालू स्थितीत आहेत (खरे सांगा), इन्व्हर्टर किती तास टिकतो, आणि पहिला शनिवार कोणता.

आपले,
खानदेशात आणि खानदेशाबाहेर विकास क्षेत्रात भरतीचे व प्रकल्पांचे काम करणारे काही जण